इकडे आम्ही उभयता खुशाल

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. अख्ख्या वडगावात माझ्याइतकं सुरळीत घर कुणाचं चालत नाही! बाईमाणूस नसलेल्या घरांत तर नाहीच नाही.

ही बढाई नाही. म्हणजे बढाईच आहे, पण खरी आहे. माझी बायको गुणाबाई गेली मार्गशीर्षात. सगळ्यांना वाटलं, आता नागोजी संपला. चाळीस वर्षं हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस, त्याला घरातली चूल कुठल्या दिशेला आहे हे तरी ठाऊक असेल काय! बाराव्याला माझी मुलगी तारा डोळे पुसत म्हणाली, "आप्पा, माग विका आणि निपाणीला चला. दोन घास येळेवर तरी मिळतील."

"मला काय धाड भरलीया?"

"एकट्याला जमायचं न्हाय तुमाला."

"सहा महिनं दे मला. न्हाय जमलं तर आपणहून गाठोडं बांधून येतो."

तारेनं नवऱ्याकडं बघितलं. आमचे जावई भरमू निपाणीला तंबाखूच्या वखारीत असतात. लई सज्जन. शिंक आली तरी आधी तारेकडं बघतात. त्यांनी मान हलवली आणि सहा महिन्यांचा करार झाला.

आणि तुम्हाला सांगतो, घर चालायला लागलं! मी चालवलं नाही हो. ते आपलं आपण चालायला लागलं. सकाळी डोळे उघडायच्या आत पाय विहिरीवर पोचलेले असायचे. मी अर्धवट झोपेत असतानाच हात चूल पेटवून मोकळे व्हायचे. भाकरी तेवढी शिकावी लागली. पहिली भाकरी बेळगाव जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली, खानापूरकडची बाजू तर पार करपली. पण महिन्याभरात हाताला तेही वळण पडलं. डोकं लागतच नव्हतं कशाला! डोकं लागत नव्हतं तेच बरं होतं.

निपाणीला मी का जात नव्हतो, तेही सांगतो. आमच्या विणकराच्या घरात नवरा विणतो आणि बायको कांड्या भरते. कांडी म्हणजे सूत गुंडाळलेली बोटभर नळी. ती धोट्यात बसवायची आणि धोटा उभ्या दोऱ्यांतून इकडून तिकडं पळवायचा. चार-पाच मिनिटांत कांडी रिकामी, की दुसरी बसवायची. माझ्या मागाच्या डाव्या अंगाला गुणाबाईचा कांड्या भरायचा रहाट. कांडी संपली की मी मान न वळवता डावा हात बाजूला करायचा, "कांडी" म्हणायचं, की हातावर कांडी आलीच! एकोणतीस वर्षं. मी कधी तिच्याकडं बघितलं नाही, तिनं कधी उशीर केला नाही. घरात भांडण झालं असलं की कांडी जरा आपटून यायची, एवढाच काय तो फरक.

ती जागा सोडून मी तंबाखूच्या वासात जाऊन काय करू?

आता माझ्या डाव्या भिंतीला जयाबाई राहते आणि उजव्या भिंतीला सिद्रामअण्णाची शेड आहे. महायुद्धाच्या आदल्या वर्षी अण्णानं तिथं विजेवर चालणारा माग आणून बसवला. जुनाच होता, पण अण्णा त्याला नव्या सुनेसारखा मिरवायचा. दिसेल त्या माणसाला दंडाला धरून आत न्यायचा.

"बघ नागोजी! बटान दाबलं की झालं. मानूस नको, बाई नको. मी गल्लीत जाऊन च्या पिऊन येतो, हे आपलं इणतंय!"

मी म्हटलं, "माझं हात बी तसंच हायत की अण्णा. मी नसलो तरी इणतात."

"मग तू कुठं असतोस रं?"

 मी म्हटलं, भाकरी करपतीया, आणि घरी आलो.

अण्णाचा डोळा माझ्या सोप्यावर, म्हणजे माग आहे त्या पुढच्या खोलीवर होता. मी निपाणीला गेलो की मधली भिंत पाडून तिथं दुसरं मशीन बसवायचा त्याचा बेत. त्यामुळं रोज विचारायचा, "बरा हायस न्हवं?" आणि मी बरा आहे म्हटलं की त्याचं तोंड उतरायचं.

तर असं सगळं आपोआप चाललेलं. बारीकसारीक चुका व्हायच्या, नाही असं नाही. कांड्या आता मीच सकाळी भरून टोपलीत ठेवायचो. पण विणायला बसलो आणि कांडी संपली की डावा हात आपला बाजूला जायचा. "कांडी" म्हणून मी थांबायचो. मग, "झोपलीस काय गं?" मग भानावर यायचो, खड्ड्यातून वर चढायचो, टोपलीतली कांडी घ्यायचो, परत खड्ड्यात उतरायचो. दिवसाला शंभर वेळा! इतक्या चढाईत येळ्ळूरचा गड पाच-पंचवीस वेळा सर झाला असता. टोपलीच जवळ का घेतली नाही, असं तुम्ही विचाराल. जवळची जागा रहाटाची आहे.

शनिवारी बेळगावात पेढीवर लुगडी देऊन, सूत घेऊन परत यायचो. वाटेत मालुबाई फुलवाली बसते. वीस वर्षं तिथंच. तिच्यापुढं आलो की पाय थांबायचे. मी दिसलो की तिचे हात पानात वेणी बांधायचे. मी मागायचो नाही, ती विचारायची नाही. घराच्या दारात आल्यावर मला कळायचं की हातात वेणी आहे. परत द्यायला जायचं तर एवढी पायपीट! म्हणून रहाटाच्या खुंटीला अडकवून टाकायचो. गुणाबाई गेली हे मालुबाईला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

तारेला माझी खुशाली भरमूंच्या तोंडी जायची. ते बाजाराला आले की डोकावून जायचे. पण पुढं वखारीचा हंगाम आला, त्यांचं येणं थांबलं. मग मी कार्ड टाकलं. मी तीन यत्ता शिकलो आहे. त्यात पत्राचा मायना मास्तरांनी छडीनं पाठ करून घेतला होता. कार्ड पुढ्यात घेतलं की हात लिहून मोकळा होतो. मी फक्त पेटीत टाकायला जातो.

पेटीत टाकलं आणि विसरलो.

सहा महिने भरायला आठ दिवस उरले होते. मनात म्हटलं, जिंकलो! त्या शनिवारी बाजार करून घराशी आलो, तर दारात ही गर्दी! माझ्या दारात एवढी माणसं या आधी एकदाच जमली होती. 

पुढं होऊन बघतो तर तारा! पदर खोचून उंबऱ्यात उभी. मागं भरमू, हातात पिशवी. एका बाजूला जयाबाई, एका बाजूला सिद्रामअण्णा. बाकीची गल्ली पायरीपाशी. शेडमध्ये मशीन खडखडत होतं. अण्णा ते तसंच चालू ठेवून आला होता.

"कुठाय ती?" तारा म्हणाली.

"कोन गं?"

"आप्पा, मला कुक्कुलं बाळ समजू नका! कुठं लपवलीसा?"

मी भरमूंकडं बघितलं. भरमूंनी तारेकडं बघितलं.

"नागोजीदादा, मी काय बी सांगितलं न्हाय हां!" जयाबाई घाईघाईनं म्हणाली. "तिनं इचारलं, मी व्हय म्हटलं, एवढंच. भित्तीतनं रोज ऐकू येतंया. 'कांडी दे गं, झोपलीस काय गं, आमटीत मीठ न्हाय गं.' मी म्हटलं असंल बाई कोन तरी, आपल्याला काय करायचंय! म्हणून चौघींनाच बोलले."

तारेनं कनवटीचं कार्ड काढून माझ्यापुढं धरलं. "हे कुनी लिवलं?"

"मीच की."

"वाचा!"

मी वाचायला लागलो. "चिरंजीव सौभाग्यवती तारा हीस अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही उभयता..."

त्या शब्दावर माझं बोट थांबलं.

"म्होरं वाचा की! 'इकडे आम्ही उभयता खुशाल.' उभयता म्हंजे नवरा-बायकू! चौथी पास हाय मी! आईला जाऊन वरीस बी न्हाय झालं आप्पा, आणि तुमी उभयता झालासा?"

"अगं, ते हात..."

"आणि ह्यो काय हातात?"

सगळ्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. मीही बघितलं. वेणी होती. अबोलीची.

तेवढ्यात जयाबाई आत जाऊन आली. तिच्या एका हातात एक ताट आणि दुसऱ्या हातात दुसरं. "दोन्ही उष्टी!" ती ओरडली. पंचनाम्याला आलेला फौजदार एवढा खूश होत नसेल!

सकाळी हातानं दोन ताटं वाढली होती. एकातलं खाल्लं. दुसऱ्यातलं टाकवेना, म्हणून थोड्या वेळानं तेही मीच खाल्लं. आता हे चारचौघांत कसं सांगायचं?

आणि खरं सांगायचं तर सांगता येतच नव्हतं. तुम्हीच बघा माझी पंचाईत. खरं सांगावं, की बाई कुणी नाही, मीच रिकाम्या जागेशी बोलतो, रिकाम्या जागेला जेवायला वाढतो, तर तारा म्हणणार, बापाचं डोकं फिरलं, चला निपाणीला! आठ दिवसांसाठी हरलो असतो. आणि घरात बायको आहे म्हटलं, तर बापाला सांभाळायला माणूस झालं! तारा रागावेल, चार महिने बोलणार नाही, पण माग राहील, रहाट राहील.

"बोला आप्पा! लगीन केलंया का न्हाय?"

मी डोळे मिटले. "केलंया."

पायरीवरची गल्ली एकदम "आं!" म्हणाली. अण्णाचं तोंड पडलं. त्याचं दुसरं मशीन गेलं ना!

"नाव काय तिचं?"

त्या दिवशी मी एकाच बाईपुढं थांबलो होतो. "मालुबाई," मी म्हटलं.

"अग्गं बया!" जयाबाईनं ताटं खाली ठेवली. "फुलवाली मालुबाई? तिला नवरा हाय की वो! पाच नातवंडं हायत! त्वांडात दात न्हाय येक!"

"ती न्हवं! ही येगळी. ही... कडोलीची."

"कडोलीची?" अण्णा पुढं सरसावला. "कडोली माझी सासुरवाडी! कुनाच्या घरातली रं?"

"गावाभायेरची."

"गावाभायेर नुसती श्यातं हायत."

"श्यातातली."

"श्यातातली?" भरमू म्हणाले. त्या दिवशी ते पहिल्यांदा बोलले ते हे.

"मग आता कुठाय?"

"म्हायेरला गेलीया."

"श्यातात?"

 एक खोटं सांभाळायला दुसरं, त्याला टेकू द्यायला तिसरं. दहीहंडीला मी कधी चढलो नाही, पण असंच वाटत असणार!

"दिसायला कशी हाय?" जयाबाईनं विचारलं. तिला आता सगळंच पाहिजे होतं.

हे मात्र सोपं होतं. इथं अडखळावं लागलं नाही. "सावळी हाय. ठेंगणी. उजव्या भुवईवर जखमेची खूण हाय, रहाटाचा दांडा लागलेली. बोलत न्हाय फार. हसताना त्वांडावर पदर धरती. राग आला की कांडी आपटून देती..."

मी बोलत होतो. मला वाटलं, छान जमतंय!  तारेकडं बघितलं तर तिच्या कमरेला खोचलेला पदर सुटला होता आणि ती माझ्याकडं एकटक बघत होती.

"अशी कोन कडोलीत न्हाय," अण्णा ठामपणे म्हणाला. "मी समद्यांना वळखतो."

तारा अजून बघतच होती. तिचं ते बघणं मला सोसेना. अशा वेळी माणसानं काय करावं? मला एकच येतं. मी आत जाऊन वेणी रहाटाच्या खुंटीला अडकवली, खड्ड्यात पाय सोडले आणि विणायला लागलो. खटाक् खट, खटाक् खट. जरा बरं वाटलं. लोक बघताहेत, जावई बघताहेत, बघू देत. पाय खाली दाबत होते, उजवा हात दोरी ओढत होता. हळूहळू दारातली माणसं दिसेनाशी झाली. मग मीही राहिलो नाही. नुसता माग चालला होता.

कांडी संपली.

डावा हात बाजूला गेला. "कांडी," मी म्हटलं.

तुम्हाला खोटं वाटेल, पण हातावर कांडी आली! लगेच आली, जरासुद्धा उशीर न होता. मी धोट्यात बसवली, चार हात मारले. पाचव्याला माझे पाय खड्ड्यात जागच्या जागी थांबले.

मान वळवली. चाळीस वर्षांत विणताना पहिल्यांदा वळवली असेल. रहाटापाशी तारा बसली होती. टोपली तिच्या मांडीवर होती. लहानपणी आई पाण्याला गेली की तीच तिथं बसायची. सवयीनं बसली असेल. तिचा हात अजून तसाच पुढं होता.

"कडोलीची कोन बी न्हाय न्हवं, आप्पा?"

"न्हाय."

"ताटं?"

"हात चुकतोय."

"येणी?"

"पाय चुकतात."

भरमूंनी पिशवी खाली ठेवली आणि ते गल्लीकडं तोंड करून उभे राहिले. पायरीवरची माणसं एकेक करत कमी झाली. जयाबाईनं दोन्ही ताटं उचलली आणि विहिरीवर घासायला नेली.

माझा माग थांबला होता, म्हणून मला उजव्या भिंतीपलीकडचा आवाज नीट ऐकू आला. मी कान दिला.

"अण्णा," मी म्हटलं, "तुमचा धोटा रिकामा पळतोय."

"काय तरीच! तुला हितनं कसं कळलं?"

"रिकाम्या धोट्याचा आवाज पोकळ येतो. मी आल्यापासनंच येतोय."

अण्णा धोतर सावरत पळाला! पाठोपाठ भिंतीपलीकडनं अशी बोंब आली की वाटलं, मशीननं त्याला धरलं! सूत संपलं की मशीन थांबवणारा एक काटा असतो म्हणे. अण्णाच्या मशीनचा तो मोडकाच निघाला. कांडी संपली होती आणि मशीन आपलं जोरात विणत होतं. काय विणत होतं? काही नाही! तीन हात लुगडं नुसत्या उभ्या दोऱ्यांचं झालं होतं. नेसायचं म्हटलं तर जाळं!

मी हसलो. पोटभर हसलो. तारेलाही हसू आलं. मग आम्ही दोघंही गप्प झालो, कारण ती हसली ते तोंडावर पदर धरून.

पुढं दोन दिवस ती राहिली. मी म्हटलं, "सहा महिनं भरलं न्हाईत, पर मी हरलो. गाठोडं बांधू काय?" ती दोन दिवस रहाट फिरवत बसली. टोपली भरली, मग सूप भरलं, मग भाकरीची बुट्टीसुद्धा कांड्यांनी भरली. एकदा मी नको म्हटलं, तेव्हा पुढची कांडी आपटून आली.

तिसऱ्या दिवशी मोटारीत चढताना म्हणाली, "निपाणीला येऊन कुनाम्होरं हात पसरनार तुमी? ऱ्हावा हितंच. कांड्या संपल्या की कार्ड टाका, मी येऊन भरून जाईन. पर आप्पा, शुद्धीवर ऱ्हावा जरा. कार्ड लिवताना निदान काय लिवतोय ते तरी बघा! गावभर हसं झालं."

म्हटलं, "बघतो."

हसं झालं ते खरंच होतं. अजूनही अण्णा विचारतो, कडोलीहून मंडळी कधी येणार? त्याच्या सासुरवाडीचे लोक शेतातून जाताना इकडंतिकडं बघतात म्हणे. मालुबाईलाही कुणी तरी सगळं सांगितलं. पुढच्या शनिवारी मी समोर आलो तर तिचे हात पानाकडं गेले आणि मधेच थांबले. शेजारी तिचा नवरा माझ्याकडं बघत बसला होता. तिनं विचारलं, "द्यू?" वीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी थोडा वेळ विचार केला आणि म्हटलं, "दे."

परवा तारेचं कार्ड आलं. पोचल्याचं. मी उघड्या दाराशी उजेडात बसून वाचलं.

"तीर्थरूप आप्पा आणि तीर्थरूप आई यांचे चरणी तारेचा शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही सुखरूप पोचलो. आप्पा, शुद्धीवर राहा."

दोनदा वाचलं. मग मोठ्यानं एकदा वाचलं. जयाबाईला भिंतीतून ऐकू गेलं असेल, जाऊ दे. पोरगी चौथी पास आहे, पण हाताला कोण समजावणार!

लगेच उत्तर लिहायला बसलो. या वेळी तिनं सांगितल्याप्रमाणं नीट शुद्धीवर राहून, एकेक अक्षर डोळ्यांनी बघत, सावकाश लिहिलं: "इकडे आम्ही उभयता खुशाल."

पुन्हा गैरसमज नको, म्हणून खाली एक ओळ वाढवली.

"कडोलीची नव्हे."